विमान उतरताना का पडते?

२८ जानेवारी २०२६, बुधवार. जिल्हा परिषदेच्या प्रचाराचे दिवस होते. आम्ही कचेरीत जाऊन हजेरीपुस्तकावर सही केली आणि खण उघडतो न उघडतो तोच शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने मोबाईल पुढे धरला. बारामतीत विमान उतरताना पडले होते. उपमुख्यमंत्री अजित पवार त्यात होते. विमानातील पाचहीजण गेले, असे थोड्या वेळाने नक्की झाले. त्या दिवशी कचेरीत कामाला कोणाचा हात लागला नाही.

दुपारी जयसिंगपूरच्या स्टेशन रोडवर चहाच्या गाड्याशी उभे राहिलो, तर तिथे निकाल लागून गेला होता. एकाने घातपात ठरवला. दुसऱ्याने ग्रह काढले. तिसऱ्याने तारखेचे आकडे मिळवून काहीतरी अशुभ बेरीज काढून दाखवली. चौथा म्हणाला, वेळ आली की कोण थांबवणार. आम्ही चहा संपवला आणि निघालो. वाद घालावा असा तो दिवस नव्हता.

संध्याकाळी गल्लीतल्या आक्का दारात आल्या. भांगलणीला जाऊन नुकत्याच परतल्या होत्या, खुरपे अजून हातातच होते. म्हणाल्या, "जय भीम दादा. एवढं मोठं माणूस, एवढं भारी इमान. मग पडतंय कशानं ओ?"

दिवसभरात हा एकच प्रश्न आम्हाला प्रश्नासारखा वाटला. बाकी सगळी उत्तरेच होती. आक्कांना त्या संध्याकाळी आम्ही धड सांगू शकलो नाही. नंतर जे वाचले, ताडून पाहिले, ते या आठवड्याच्या सदरात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम बारामतीचे. विमान लिअरजेट ४५ जातीचे, दोन इंजिनांचे, आठ-नऊ माणसांचे. सकाळी मुंबईहून निघाले. केंद्र सरकारच्या नागरी उड्डाण मंत्रालयाने त्याच दिवशी निवेदन काढून घडलेला क्रम सांगितला. वैमानिकांनी वारा आणि दृश्यता विचारली. वारा शांत, दृश्यता सुमारे ३००० मीटर, असे जमिनीवरून कळवण्यात आले. विमान उतरणीला लागले, पण धावपट्टी दिसेना, म्हणून वैमानिकांनी ते पुन्हा वर घेतले. फेरी मारून दुसऱ्यांदा आले. धावपट्टी दिसते का, असे विचारल्यावर आधी सांगितले की दिसत नाही, दिसली की कळवतो. काही सेकंदांनी कळवले की दिसली. ८ वाजून ४३ मिनिटांनी उतरण्याची परवानगी दिली गेली. परवानगी मिळाली की वैमानिकाने ती उलट म्हणून दाखवायची असते; आपण फोनवर पत्ता घेताना पुन्हा म्हणून दाखवतो तसे. ते उत्तर आलेच नाही. ८ वाजून ४४ मिनिटांनी धावपट्टीच्या तोंडाशी ज्वाळा दिसल्या.

आता ३००० मीटर म्हणजे किती? ऐकायला तीन किलोमीटर पुष्कळ वाटतात. इथून उदगावचा रस्ता धरला तर चालत अर्धा-पाऊण तास लागावा. आम्ही कॉमर्सवाले, आकडा दिसला की हिशेब मांडतो. असे जेट विमान उतरताना ताशी साधारण २२० किलोमीटरने येते. म्हणजे एका सेकंदाला ६१ मीटर. तीन किलोमीटरला झाले ४९ सेकंद. समोरची धावपट्टी पहिल्यांदा दिसल्यापासून चाके टेकेपर्यंत पाऊण मिनिट. तेवढ्यात विमान पट्टीच्या रेषेत आहे का, उंची बरोबर आहे का, वेग बरोबर आहे का हे पाहायचे आणि नसेल तर दुरुस्त करायचे. केवळ डोळ्यांच्या भरवशावर विमान चालवायचे तर दृश्यता ५ किलोमीटर हवी, असा आपल्याकडचा नियम आहे. तो कोणीतरी उगीच कागदावर लिहिलेला नाही, हे या हिशेबावरून कळते.

मोठ्या विमानतळावर एक सोय असते. तिला आयएलएस म्हणतात. धावपट्टीच्या टोकाकडून रेडिओच्या दोन लहरी सोडलेल्या असतात. एक सांगते की डावी-उजवीकडे सरकू नका, दुसरी सांगते की इतक्याच उताराने खाली या. बाहेर धुके असो, पाऊस असो, वैमानिक काट्यावर नजर ठेवून पट्टीच्या तोंडापर्यंत येतो. बारामतीला ही सोय नव्हती. तिथे नियमित नियंत्रण कक्षही नव्हता. विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थांची माणसे रेडिओवरून वारा आणि दृश्यता कळवीत असत. अपघात झाल्यावर लगेच पुण्याच्या लोहगाव तळावरून हवाई दलाचे पथक तिथे नियंत्रण आणि हवामानाचे काम पाहण्यासाठी पाठवण्यात आले. म्हणजे सोय करता येत होती. आपल्याकडे पुलाला कठडा बसतो तो एस.टी. नदीत गेल्यावरच, त्यातलाच हा प्रकार.

आक्कांनी विचारलेले "कशानं" मात्र अजून पुरे झाले नाही. दिसत नाही म्हणून विमान पडते, असे नुसते म्हणून भागत नाही. हवेत थांबून राहता येत नाही, ही खरी अडचण आहे. धुक्यात ट्रकवाला गाडी बाजूला घेतो, हात शेकतो, बिडी ओढतो. विमानाला बाजूला घेणे नाही. विमान हवेत राहते ते पंखावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे आणि तो वारा मिळतो वेगामुळे. वेग कमी झाला की वैमानिक नाक थोडे वर करतो, म्हणजे पंख वाऱ्याला जास्त अडवतो आणि विमान तोलून धरतो. पण एका मर्यादेपलीकडे नाक वर गेले की पंखावरचा वारा तुटतो. पोरे पतंग उडवताना मांजा एकदम ढिला पडला की पतंग कसा गिरकी घेऊन खाली येतो, तसे. याला स्टॉल म्हणतात. विमान उंचावर असेल तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमिनीजवळ तेवढी जागाच उरत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर उंची म्हणजे बँकेतली शिल्लक आणि वेग म्हणजे हातातली रोकड. उतरताना दोन्ही एकाच वेळी तळाला आलेले असतात. एवढासा खर्च अंगावर आला तरी खाते बुडते. म्हणूनच जगभरातल्या विमान अपघातांत जवळजवळ निम्मे प्राणघातक अपघात शेवटच्या उतरणीत आणि टेकताना होतात, आणि तो काळ असतो सगळ्या प्रवासातली जेमतेम काही मिनिटे.

त्यात भर पडते आपल्या शरीराची. डोळ्यांना क्षितिज दिसेनासे झाले की आपला तोल सांभाळते ते कानाच्या आतले यंत्र फसते. विमान हळूहळू एका कुशीवर कलत गेले तर कानाला ते कळतच नाही. सरळ केले तर उलट आता कललो असे वाटते. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरते ना, तेच. अशा वेळी शरीराचे न ऐकता समोरच्या काट्याचे ऐकायचे, हे वैमानिकाला शिकवलेले असते. पण काट्यावरून नजर काढून खिडकीबाहेर पट्टी शोधायची, पुन्हा काट्याकडे यायचे, पुन्हा बाहेर पाहायचे, असे घोटाळ्याचे काही सेकंद असतातच.

बारामतीला यातले नेमके काय घडले हे ठरवणे तपासाचे काम आहे. आम्ही चहाच्या गाड्यावरचे पाचवे होणार नाही. पण अशाच लहान विमानांचे आधीचे दोन अपघात आपल्याच राज्यातले आहेत.

१४ सप्टेंबर २०२३ ला त्याच कंपनीचे, त्याच लिअरजेट ४५ जातीचे विमान विशाखापट्टणमहून मुंबईला येत होते. जोराचा पाऊस, दृश्यता ७०० मीटर. वरचा हिशेब लावला तर साडेअकरा सेकंद. विमान पट्टीच्या उजवीकडे घसरत जाऊन आदळले, तुटले. आत सहा प्रवासी आणि दोन वैमानिक होते. आठहीजण जखमी झाले, पण जगले. तो मुंबईचा विमानतळ; आगीचे बंब आणि माणसे तयार उभी होती.

दुसरा अपघात आम्हाला अधिक लागतो. २८ जून २०१८, दुपारी एकच्या सुमारास, घाटकोपर पश्चिम, सर्वोदयनगर. हे बारा आसनांचे जुने विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे होते. २०१४ मध्ये एका खासगी कंपनीने ते घेतले. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी ते जुहूहून उडाले आणि परत जुहूला उतरायला येताना पावसाळी हवेत चालू बांधकामाच्या जागेवर कोसळले. कमी उंचीवर विमान स्टॉल झाले आणि सावरता आले नाही, असे तपासात निघाले. आतले चौघे गेले: दोन वैमानिक, दोन दुरुस्तीचे काम करणारे. त्या बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून मोठा अनर्थ टळला, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले होते. एक मात्र टळला नाही. रस्त्याने पायी चाललेला एक मजूर त्यात जळून गेला.

त्या माणसाने विमानाचे तिकीट काढले नव्हते. विमानाची चाचणी आहे, हवा खराब आहे, वैमानिकांनी जावे की न जावे, यातले काहीही त्याला कोणी विचारले नव्हते. तो खाली होता एवढेच. उंचावरच्या निर्णयाची किंमत खाली चालणाऱ्याने द्यायची, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

बारामतीच्या वेळीही आम्ही वर्तमानपत्रातले मथळे पाहत होतो. नेत्याचे नाव आठ कॉलमी, ते स्वाभाविक आहे. खाली बारीक अक्षरात 'अन्य चार'. अंगरक्षक, विमानात सेवा देणारी मुलगी आणि दोन वैमानिक. चौघेही त्या सकाळी कामावर होते. लोकसभेचे पहिले दलित अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी ३ मार्च २००२ रोजी आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात हेलिकॉप्टर कोसळून गेले, तेव्हा आपल्या वस्तीत आम्ही शोकसभा घेतली होती. त्यांच्याबरोबर त्यांचा सुरक्षारक्षक आणि वैमानिकही गेले होते. त्या सभेत आम्ही भाषण केले आणि त्या दोघांचा उल्लेख करायचा आम्हीच विसरलो. म्हणजे मथळे लिहिणाऱ्यांना एकट्यांनाच बोल लावण्यात अर्थ नाही.

विमानाच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र आम्हाला फार आवडली. उतरताना मन साशंक झाले तर विमान पुन्हा वर घेऊन फेरी मारायची, याला गो-अराउंड म्हणतात. असे करणाऱ्या वैमानिकाला कोणी हसत नाही. नियमच असा आहे, की ठरावीक उंचीपर्यंत वेग, रेषा आणि उतार जमून आले नाहीत तर उतरायचे नाही, वर जायचे. शेजारी बसलेल्या कनिष्ठ वैमानिकालाही 'वर घ्या' म्हणण्याचा अधिकार आहे, आणि ते ऐकलेच पाहिजे अशी शिकवण आहे. आमच्या कचेरीत असा नियम असता तर कितीतरी कागद वेळीच परत फिरले असते! आता खासगी विमानात अडचण अशी, की ज्याच्या वेळेसाठी विमान निघालेले असते तो माणूस पाठीमागेच बसलेला असतो. तो काही बोलला नाही तरी त्याची सभा, त्याचे खोळंबलेले लोक, मालकाचे बिल हे सगळे वैमानिकाच्या खांद्यावर असते. दुसऱ्या गावी उतरून मोटारीने जा, हे म्हणणे सोपे नाही. जगभरच्या अहवालांत हे पोहोचायचेच पाहिजे असे दडपण पुनःपुन्हा नोंदले गेले आहे.

हे वाचता वाचता आम्हाला आमची एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल.

सात-आठ वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही मंडळाची माणसे घेऊन भीमा-कोरेगावला निघालो होतो. भाड्याची ट्रॅक्स, एरवी ती वडापला चालायची. बायकापोरे धरून चौदा जण. कराडच्या अलीकडे धुके असे उतरले की समोरचा पांढरा पट्टा दिसेना. ड्रायव्हर पोरगा विशीतला. त्याने गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि म्हणाला, "दादा, तासभर थांबूया. काय दिसंना झालंय." आम्ही पुढच्या सीटवर होतो. आम्ही म्हणालो, पहाटे पोचायचं आहे, मानवंदना चुकली तर माणसं काय म्हणतील. हळू चालव, पण चालव. मागून दोघा-तिघांनी दुजोरा दिला. एक म्हातारी मात्र म्हणाली होती, थांबू दे की त्याला. तिच्याकडे आम्ही लक्ष दिले नाही.

दोन-तीन किलोमीटरवर उसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल कापड नाही, रिफ्लेक्टर नाही. पोराने ब्रेक मारून गाडी चारीत घातली. एका बाईचे मनगट मोडले, एका लहानग्याचा दात पडला. ट्रॉलीवर गेलो असतो तर आज हे सदर दुसऱ्याने लिहिले असते. वस्तीत परत आल्यावर सगळे विचारू लागले, तेव्हा आम्ही सांगितले, की ड्रायव्हरला दिसले नाही. ते खरेच होते. त्याला दिसत नव्हते, हे त्याने आम्हाला आधीच सांगितले होते, एवढाच भाग आम्ही गाळला.

विमान अपघातांच्या चौकशीसाठी आपल्याकडे २०१२ मध्ये वेगळे कार्यालय निघाले. एएआयबी त्याचे नाव. त्याच्या नियमातली पहिली अट आम्ही दोनदा वाचली. चौकशीचा हेतू कोणाला दोषी धरणे हा नसून पुन्हा तसे घडू नये हा आहे. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम अहवाल साधारण वर्षात द्यायचा. ब्लॅक बॉक्स म्हणतात ती पेटी काळी नसून भगभगीत नारिंगी असते, राखेतून आणि चिखलातून सापडावी म्हणून. तिच्यात वैमानिकांचे बोलणे असते, विमानाचा वेग, उंची, कल असतो. कोणी काय विचारले, कोण नाही म्हणाले, कोणाचे ऐकले गेले नाही, हे सगळे. अहवाल लोकांसाठी खुले असतात. ऑडिटचा रिपोर्ट वाचता येतो त्याला हेही वाचता येतात. आपल्या शिकलेल्या मुलांनी ते जरूर पाहावेत. तिथे एक कारण क्वचितच असते. हवा, यंत्र, माणूस, कंपनीची घाई आणि विमानतळावरची उणीव या पाच-सहा गोष्टी एका रांगेत येतात आणि त्यातली एक जरी मध्ये अडली असती तरी विमान उतरले असते.

ट्रॅक्समध्ये नारिंगी पेटी नव्हती. तिथे आम्हीच होतो.

गेल्या रविवारी आम्ही त्या ड्रायव्हरच्या घरी गेलो. आता त्याची स्वतःची गाडी आहे, दोन मुले आहेत. त्याला आम्ही पंपावरची गोष्ट आठवण करून दिली आणि चूक आमची होती असे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "दादा, ते ऱ्हाऊ दे. पन त्या दिवशी तुम्ही भाड्यातलं पाचशे कापून घेतलं हुतं."

आम्हाला हे साफ विसरायला झाले होते. घरी येऊन मंडळाची जुनी जमाखर्चाची वही काढली. 'वाहन भाडे, अपघातामुळे कपात, रु. ५००' अशी नोंद आहे. अक्षर आमचेच आहे. सोमवारी सकाळी कचेरीला जाण्याआधी पाचशे रुपये त्याच्या घरी दिले आणि वहीत त्या नोंदीखाली लाल शाईने दुरुस्ती केली.